टक्कल शोध समितीचे अध्यक्ष

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका चहा मागतात तो तीनदा मागतात. "चहाऽ! चहाऽ! चहाऽ!" तिन्ही हाका एकाच पट्टीत, मध्ये एकेक श्वास सोडून. तिसऱ्या हाकेलाही स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही तर विषय संपला. चिडणं नाही, आदळआपट नाही. चहा गैरहजर, अशी मनातल्या मनात नोंद करून ते पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतात. काकू म्हणतात, "पहिल्या दोन हाकांना मी उठतच नाही. तेवढी मुदत कायद्यानंच दिलीय."

काका एकतीस वर्षं कोर्टात होते. हे वाक्य जरा जपून वाचायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ याच वाक्यानं घातला. ते कोर्टात होते म्हणजे कोर्टाच्या दाराशी होते. आतून चिठ्ठी आली की तिच्यावरचं नाव, बापाच्या नावासकट, लांबलचक व्हरांड्यात तीनदा पुकारायचं. ज्याचं नाव असेल त्याला आत सोडायचं आणि दार ओढून घ्यायचं. ओढायचं ते बाहेरून. एकतीस वर्षांत खुनी गेले, चोर गेले, काडीमोडवाले गेले, सामाईक भिंतीवरून भांडणारे शेजारी गेले, सगळे काकांच्या नाकासमोरून गेले. पण आत त्यांचं काय झालं ते एकदाही काकांच्या कानावर आलं नाही. सिनेमाच्या दाराशी तिकिटं फाडणाऱ्याला सगळे प्रेक्षक पाठ असतात आणि एकाही सिनेमाचा शेवट ठाऊक नसतो, तसं.

व्हरांडा मात्र त्यांना तळहातासारखा माहीत. कोण सारखं पाणी पितोय, कोणी आजच्यासाठी दुसऱ्याचे बूट घातलेत, कुठल्या वकिलाला स्वतःच्याच अशिलाचं तोंड आठवत नाहीये. आणि पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेलं माणूस ते वीस पावलांवरून ओळखत. असं माणूस बाकाच्या अगदी टोकावर बसतं, अर्धं अधांतरी, जणू उरलेला बाक कुणीतरी आधीच विकत घेतलाय. अशांच्या शेजारी काका जरा टेकायचे, दोन शब्द बोलायचे. हे त्यांच्या कामात लिहिलेलं नव्हतं. "घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव ऐकू येत नाही," ते सांगतात, "मग ओरडून ओरडून घसा कुणाचा बसतो? माझाच ना?" हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. त्यांचा स्वभावच तसा आहे, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही.

निवृत्त झाल्यावर मोठी पंचाईत झाली. पुकारायला कोणी उरलं नाही. पहिले काही महिने त्यांनी लिफ्टला पुकारलं. मग रोज सकाळी बसथांब्यावर जाऊन उभे राहू लागले. बस दिसली की तिचा नंबर तीनदा. लोक आधी हसले, मग सरावले, आणि मग एखाद दिवशी काका नसले की बस चुकवू लागले. आता सगळी बिल्डिंग त्यांना तीनदाकाका म्हणते. पाठीमागेही म्हणते, तोंडावरही म्हणते. तोंडावर म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं.

अशा भल्या माणसाला फोनवरचा तो ग्रुप मी दाखवला. हा गुन्हा माझा. आधीच कबूल केलेला बरा.

आमच्या शहरातल्या एका रंगाच्या दुकानाचे मालक एका सकाळी स्वतःच्या गोदामात मेलेले सापडले, आणि त्यांच्याकडे कारकुनी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला पोलिसांनी धरलं. पोलिसांना तपासाला आठ महिने लागले. ग्रुपला दोन दिवस पुरले. ग्रुपचं नाव 'गोदाम खटला : सत्य हवंच'. सभासद अकरा हजार. त्यातल्या एकानंही ते गोदाम पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा चार रंगांतला नकाशा तयार होता, आणि खिडकी पूर्वेला की उत्तरेला यावरून दोन तट पडून एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. ग्रुप चालवायचा एक विमा एजंट. तो रोज सकाळी फुलांचं चित्र टाकून लिहायचा, "सुप्रभात! आज मृत्यूला दोनशे एकेचाळीस दिवस पूर्ण झाले." एक दाताचे डॉक्टर होते, ते कुणाच्याही फोटोतल्या दातांवरून स्वभाव सांगत. मोटार शिकवणारे एक मास्तर होते. ते सगळी अंतरं मोजत. आणि 'शांत नदी' या नावानं लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्या फाशीच्या खाली बोलतच नसत. नाव शांत नदी, आणि लिहिणं म्हणजे बाराही महिने पूर.

काकांनी तिथं पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली : "मी एकतीस वर्षं कोर्टात होतो."

झालं. पाच मिनिटांत दोनशे हात जोडलेली चित्रं आली. कोणीतरी लिहिलं, "साहेब, तुमच्यासारखी माणसं इथं हवीतच." संध्याकाळपर्यंत काकांचं नाव कोर्टसाहेब पडलं होतं.

"काका, सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"तुम्ही दाराशी होता म्हणून."

"मला कोणी विचारलं का? विचारलं तर सांगेन. खोटं कशाला बोलू?"

त्यांना कोणी विचारलं नाही. लोक भलतंच विचारत, आणि काकांना जेवढं ठाऊक होतं तेवढं ते प्रामाणिकपणे सांगत. वकील खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं? काकांनी लिहिलं, "बाहेर आल्यावर तो आधी घाम पुसतो की आधी फोन काढतो ते बघावं." या वाक्याला ग्रुपनं सोनेरी चौकट करून ते सगळ्यात वर चिकटवलं. आतून काकू ओरडल्या, "घरात साखर संपलीय हे तुम्हाला तीनदा सांगावं लागतं, आणि तिथं अकरा हजारांना कायदा शिकवताय!" काका साखर आणायला उठले. पण त्या दिवसांत ते जिना जरा छाती काढून चढत. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांचा आवाज पुन्हा कुठेतरी पोहोचत होता.

मग खटल्याचा पहिला दिवस उजाडला. त्याआधी आठवडाभर ग्रुपमध्ये नुसती धांदल. आरोपी कुठल्या रंगाचा शर्ट घालून येईल यावर मतदान झालं. 'सुनावणी कशी पाहावी' याचा तक्ता निघाला, जणू सगळे आत जाऊनच बसणार होते. दाताच्या डॉक्टरांनी एका पेशंटच्या दाढेत तात्पुरतं काहीतरी भरून दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चौघांचं पोट दुखत होतं आणि चौघं स्वच्छतागृहात एकाच रांगेत, मांडीवर फोन ठेवून बसले होते. त्यातला एक मी. काकांना ग्रुपनं 'प्रत्यक्ष प्रतिनिधी' नेमलं होतं. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

"अहो, तुम्हाला कोणी बोलावलंय का तिथं?"

"लोक वाट बघतायत."

"कुठले लोक?"

"अकरा हजार आहेत."

"त्यातला एक तरी परत आल्यावर तुमचे पाय चेपणारे का?"

आणि तो ऐतिहासिक खटला चार मिनिटांत आटोपला. आरोपीच्या वकिलानं सांगितलं की मला दिलेल्या कागदांतलं एकेचाळिसावं पान वाचता येत नाही. जज्जसाहेबांनी पान मागवून घेतलं. त्यांनाही वाचता आलं नाही. तारीख तीन आठवडे पुढे. संपलं! आठ महिने ग्रुप दातांना धार लावून बसला होता, आणि एका पुसट झेरॉक्सनं त्याला पाणी पाजलं. आमच्या रांगेतली चारही पोटं एकदम बरी झाली.

असा ग्रुप उपाशी बसलेला असतानाच तो फोटो आला.

कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक. बाकावर आरोपीची आई. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, एक हात अर्ध्यावर तोंडाकडे निघालेला, आणि बाई हसतेय. कशीबशी नाही, चांगली दाढा दिसेपर्यंत हसतेय. तिच्या शेजारी, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एक टक्कल. फोटोखाली विमा एजंटानं लिहिलं होतं : "मुलावर खुनाचा खटला, आणि आई पहिल्याच दिवशी हसते. लाज?"

उपाशी माणसापुढे ताट आलं की तो वरण कुणी केलं हे विचारत नाही. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुःखात माणूस फार तर सुळ्यांपर्यंत हसतो, दाढांपर्यंत पोहोचतं ते कट यशस्वी झाल्याचं हसू. मास्तरांनी फरशा मोजून टकल्याची उंची काढली. शांत नदी यांनी लिहिलं की अशा आईला भर चौकात उभं करावं. आणि कोणीतरी टकलाभोवती लाल वर्तुळ काढून प्रश्न टाकला, "हा कोण? हाच तर साथीदार नाही?"

मीही लाल तोंडाचं चित्र दाबलं. ते डोकं सहा वर्षं मी जिन्यात माझ्या पुढे चढताना बघतोय. पण एकदा लाल वर्तुळात बसवल्यावर मलाही ते अट्टल गुन्हेगाराचंच वाटलं.

दुपारी दोन वाजता ग्रुपला आठवलं की आपला माणूस तिथं हजर होता. "कोर्टसाहेब! तुम्ही तर तिथंच होतात. हा टकल्या कोण?"

कोर्टसाहेबांचं उत्तर आलं : "बघतो."

ग्रुपचा जीव भांड्यात पडला. लगेच 'टक्कल शोध समिती' स्थापन झाली. सभासद सात, आणि अध्यक्षपदी, अनुभव लक्षात घेता, एकमतानं कोर्टसाहेब.

संध्याकाळी मी घरी येऊन बूट काढत होतो तर दारातून आवाज. "आहेस का? आहेस का? आहेस का?"

काका. इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक काकूंची.

"या ना काका. अभिनंदन, अध्यक्ष झालात."

"माझ्या डोक्याचा मागून एक फोटो काढून दे."

"कशाला?"

"समितीला पुरावा पाहिजे," काका म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी ते डोकं बघितलं. मग फोनमधलं डोकं बघितलं. मग खुर्चीवर बसलो.

"काका, तुम्ही?"

"तुझ्या लक्षात नाही आलं? कमाल आहे. मला वाटलं निदान तुझ्या तरी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आत पत्रकारांची गर्दी. दाराशी काकांच्याच हाताखाली तयार झालेला शिपाई. तो म्हणाला, "काका, आत जागा नाही. आणि तुम्हाला आतलं घेऊन करायचंय काय? तुमची जागा ही." म्हणून काका बाकावर बसले. बाकाच्या टोकावर ती बाई, अर्धी अधांतरी. पिशवीत मुलासाठी मोजे. पहाटेपासून पाणी प्यायली नव्हती, जागची हलली नव्हती.

"का?"

"अरे, हलली आणि तेवढ्यात पोराचं नाव पुकारलं तर? तिला वाटत होतं, आई हजर नाही असं लिहून घेतात आणि ते त्याच्या विरुद्ध जातं. मी म्हटलं, बाई, खुशाल जाऊन या. नाव तीनदा पुकारतात, मध्ये श्वास सोडतात. तेवढ्यात माणूस खालच्या मजल्यावरून येतो. तिला खरं वाटेना. मग मी तिला आमच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली."

"कुठल्या?"

"एकदा एक नाव पुकारलं. आजोबापर्यंत पुकारलं. कोणी नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. कोणी नाही. माझ्या शेजारी एक माणूस तासभर उभा होता, चांगला गप्पा मारत, मला चहाही त्यानंच आणून दिलेला. तोसुद्धा इकडे तिकडे बघायला लागला, कोण हा गाढव, येत का नाही म्हणून. तिसरी हाक मी सवयीनं त्याच्याच कानाशी मारली. तर म्हणतो, अहो, हा मीच की! म्हटलं, मग मघापासून काय करत होतास? म्हणाला, साहेब, इतक्या मानानं मला आजवर कोणी हाक मारली नव्हती. मला वाटलं, कोणीतरी मोठा माणूस असेल."

मी हसलो.

"बघ. तू हसलास ना? तीही हसली. आधी रडायला आल्यासारखं तोंड केलं, आणि ते मध्येच वळलं. मग उठून जाऊन आली, पाणी प्यायली. ती हसली तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला असणार. पलीकडच्या बाकावर मेलेल्या मालकांचा भाऊ बसला होता. त्यालाही मी पाणी दिलं. त्याचा फोटो कोणी नाही काढला. तो नुसता बसला होता."

"मग दुपारी 'बघतो' का लिहिलंत?"

काकांनी पायातल्या काकूंच्या चपलेकडे बघितलं. "साहेब म्हणत होते रे सगळे."

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं, ज्यासाठी ते धावत खाली आले होते. बाई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी घडी करायला असते, हे कोणीतरी शोधून काढलं होतं. विमा एजंटानं नमुना पत्र तयार केलं होतं : "महोदय, जिच्या मुलावर खुनाचा आरोप आहे आणि जी सुनावणीच्या दिवशी हसते, तिच्या हातच्या चादरींवर आमच्या आप्तांनी झोपावे काय? तिला त्वरित कामावरून दूर करावे." खाली इस्पितळाचा ई-मेल पत्ता. आणि सूचना : जास्तीत जास्त संख्येनं पाठवा.

"माझ्या एका गोष्टीपायी तिची नोकरी जायची," काका म्हणाले. "फोटो काढ."

मी काढला. काकांनी तो टाकला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं : "हे डोकं माझं आहे. बाई हसल्या त्या माझ्या बोलण्यावर. त्यांचा दोष नाही. पत्रं पाठवू नयेत. पाठवू नयेत. पाठवू नयेत."

अकरा हजार लोकांनी वाचलं, आणि एकाचाही विश्वास बसला नाही. "साहेबांचा फोन कोणीतरी चोरलाय." "मूळ टक्कल जास्त चमकतं." डॉक्टरांनी मत दिलं, "हे डोकं दबावाखाली आहे." विमा एजंटानं लिहिलं, "साहेब, आपल्यावर दबाव असेल तर फक्त 'हो' लिहा."

काकांनी लिहिलं, "नाही."

"बघा!" एजंटानं लिहिलं. "दबाव असलेला माणूस 'नाही'च म्हणणार."

सोन्यासारखी बुद्धी, पण ठेवायला जागा नाही. काकांनी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला. मी म्हटलं, "जाऊ द्या काका. तुम्ही सांगायचं ते सांगितलंत."

"अजून एक राहिलंय," काका म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं : "मी साहेब नव्हतो. मी कोर्टाच्या दाराशी नावं पुकारायचो. आत काय चालतं ते मला कधीच कळलं नाही."

मिनिटभर ग्रुप गप्प. आठ महिन्यांतलं ते पहिलंच मिनिट. मग सगळ्यांचा एकदम विश्वास बसला. टकलाच्या बाबतीत त्यांना कितीही पुरावा पुरत नव्हता. पण काका शिपाई होते हे मात्र एका ओळीत सिद्ध झालं. फसवणूक, तोतया, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, काय काय झालं ते. सोनेरी चौकट खाली उतरवली गेली. टक्कल शोध समितीनं आपल्या अध्यक्षांना शोधून काढून त्यांची हकालपट्टी केली. आणि ज्या कामासाठी काकांनी एवढी नाचक्की ओढवून घेतली ते तसंच राहिलं. उलट पत्रांना जोर चढला. मला कोणी काढलं नव्हतं, कारण मी तिथं आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मला सगळं दिसत होतं. "पाठवलं." "मीपण पाठवलं." "आमच्या घरातून तीन."

"इस्पितळ कुठंय?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'आज खरोखरच पोट दुखतंय' असं ऑफिसात कळवलं आणि काकांना स्कूटरवर मागे घेतलं. धुलाईखाना तळघरात होता. जिना उतरतानाच गरम वाफ तोंडावर आली. एका बाजूला माणसाएवढी यंत्रं घरघरत होती, दुसऱ्या बाजूला लांब टेबलांवर पांढऱ्या चादरींचे ढीग. बायका जोडीजोडीनं समोरासमोर उभ्या राहून चादरीची टोकं धरत, ताणत, पुढे येऊन टोकाला टोक लावत, मागे जात. फक्त शेवटच्या टेबलाशी एक बाई एकटीच होती. एक टोक हनुवटीखाली दाबून ती एवढी मोठी चादर एकटी आवरायला बघत होती. तिच्या समोर कोणी उभं नव्हतं.

"हीच," काका हळू आवाजात म्हणाले.

कोपऱ्यात काचेची खोली. आत सुपरवायझरबाई. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं. भिंतीवर कामाच्या पाळ्यांचा मोठा तक्ता.

"काय काम आहे?"

"पत्रांबद्दल आलोय," काका म्हणाले.

"तुम्हीपण पत्र आणलंय का?" बाईंनी समोरचा गठ्ठा आपटला. "सकाळपासून त्रेचाळीस. कार्यालयानं छापून माझ्याकडे खाली धाडलीत. सगळीकडे तीच वाक्यं. सात जणांनी 'येथे आपले नाव लिहावे' हेसुद्धा तसंच ठेवलंय. आता मी काय, 'येथे आपले नाव लिहावे' यांना उत्तर देऊ?"

"पत्र नाही आणलं," काका म्हणाले. "फोटोतलं टक्कल आणलंय." आणि ते शिस्तीत पाठ करून उभे राहिले.

बाईंनी चष्मा लावला. डोकं बघितलं. टेबलावरचा फोन उचलला, बघितला. मग त्यांच्या तोंडून गेलं, "कोर्टसाहेब?"

आम्ही दोघंही वळलो. फोनवर ग्रुप उघडाच होता. बाईंचा चेहरा वाफेनं व्हावा तसा लाल झाला.

"तुम्ही आहात ग्रुपवर?" मी विचारलं.

"आहे."

"कुठल्या नावानं?"

बाई पेनाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. "शांत नदी," त्या म्हणाल्या.

मी एवढंच म्हणू शकलो, "अहो, तुम्ही काल त्यांना भर चौकात..."

"लिहिलं. ती आमचीच आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?" त्या एकदम तडकल्या, आणि मग आवाज खाली आला. "नऊ वर्षं माझ्यासमोर काम करतेय. मुलाचं कोणाला काही बोलली नाही. परवा येऊन, दात काढायचाय म्हणून कालची रजा घेतली. आणि तिला हसताना मी कधी पाहिलेलंच नाही, तर फोटोत ओळखणार कशी?"

बाहेर यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"बारापर्यंत वर साहेबांना उत्तर द्यायचंय," बाई म्हणाल्या. "ठेवायची की काढायची, ते माझ्या शेऱ्यावर आहे."

"मग लिहून घ्या," काका म्हणाले. "मी साक्ष देतो."

हजारो साक्षीदार त्यांनी आत सोडले होते. स्वतः आज पहिल्यांदा उभे होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, शेवटी खिशात घातले आणि लगेच बाहेर काढले. पण सांगितलं ते सगळं सरळ. पाणी, मोजे, तीन हाका, तो चहा आणणारा माणूस. बाई लिहीत होत्या. मध्येच पेन थांबलं.

"मुलानं केलंय का हो ते? तुम्हाला काय वाटतं?"

"बाई, ज्यांनी ठरवायचंय त्यांनाच अजून एकेचाळिसावं पान वाचता आलेलं नाही," काका म्हणाले. "मी कुठून सांगू? मला एवढंच ठाऊक आहे की ती का हसली."

बाईंनी गठ्ठ्यावर एक कोरा कागद ठेवला आणि शेरा लिहिला. मला उलटं वाचता येतं. ऑफिसात तेवढं एकच शिकलोय. "कामात कसूर नाही. हसण्याबाबत नियम अस्तित्वात नाही. पत्रे दप्तरी दाखल." खाली सही ठोकली आणि काचेवर टिचकी मारून शेवटच्या टेबलाकडे हात केला.

ती बाई ओले हात पुसत दारात आली. काकांना तिनं ओळखलं असावं, पण टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

"दात निघाला का?" सुपरवायझरबाईंनी खडसावून विचारलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "अजून एक तारीख दिलीय."

"कधीची?"

तिनं सांगितली. सुपरवायझरबाई उठल्या, भिंतीवरच्या तक्त्यात ती तारीख शोधली आणि तिच्या नावासमोर 'रजा' लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन जरा घुटमळलं. मग तिथं स्वच्छ अक्षरात 'कोर्ट' लिहिलं. "आणि डबा घेऊन जात जा. तिथं दिवस जातो. आता उभी काय राहिलीस? चादरी कोण घडी करणार, मी?"

ती गेली. काकांनी हात जोडले. सुपरवायझरबाई आमच्या अगदी जवळ येऊन कुजबुजल्या, "हे ग्रुपवर मात्र कुठे बोलू नका हं. मला काढून टाकतील."

"नाही बोलत," मी म्हटलं.

त्या खोलीबाहेर आल्या, बाकीच्या जोड्यांकडे एक नजर टाकली. सगळ्यांनी माना चादरीत घातल्या. मग शेवटच्या टेबलाशी जाऊन त्यांनी चष्मा गळ्यातून काढून खिशात टाकला, आणि चादरीचं लोंबणारं टोक उचललं.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "तुझी बाजू खाली जातेय."